लाँचमागचे पाहुणे

गेटवेहून मांडव्याला निघालेली लाँच धक्का सोडते न सोडते तोच पांढऱ्या पक्ष्यांचा थवा तिच्या मागे लागतो. प्रवासी शेव-गाठिया हवेत उधळतात आणि पक्षी ते वरच्यावर टिपतात. पाखरांना दाणे टाकणे हा आपल्या घरांतला जुना संस्कार, त्यामुळे हे दृश्य पाहून मन प्रसन्न होते. तथापि हा पाहुणा कोठला आणि काय खाणारा, याची चौकशी यजमान क्वचितच करतो.

मराठीत त्याचे नाव कुरव. मुंबईच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात मुख्यत्वे काळ्या डोक्याचे आणि तपकिरी डोक्याचे कुरव येतात. गंमत अशी, की या दिवसांत दोहोंची डोकी पांढरीच असतात. डोळ्यामागे काळसर ठिपका तेवढा उरतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाची वीण मध्य आशियातील उंच पठारांवर होते. लडाखमध्ये सुमारे 4,500 मीटर उंचीवरील त्सो मोरिरी सरोवरही त्याचेच. तेथे जमिनीवर, वसाहत करून ते घरटी बांधतात. अंडी बहुधा दोन-तीन. नर-मादी ती आळीपाळीने उबवतात.

काळ्या डोक्याच्या कुरवाची एक रीत निको टिनबर्गेन या शास्त्रज्ञाने अभ्यासली. पिल्लू बाहेर आले, की आईबाप फुटके कवच उचलून दूर टाकतात. कवचाची आतली पांढरी बाजू कावळ्यांना घरट्याचा पत्ता देते, हे त्याने प्रयोगाने दाखविले. पण कवच ते लगेच उचलत नाहीत. ओले पिल्लू शेजारचे कुरवच गिळतात; म्हणून ते सुकेपर्यंत जवळून हलायचे नाही! 1973 साली टिनबर्गेनला नोबेल पारितोषिक मिळाले.

आहाराविषयी आपल्याला संकोच वाटेल, पण कुरव मांसाहारी आहे. मासे, कोळंबी, ओहोटीच्या चिखलातील किडे, मेलेले जीव हे त्याचे अन्न. गाठियाच्या खारेपणाची त्याला विशेष अडचण नाही. डोळ्यांवरील ग्रंथी जादा मीठ नाकपुड्यांवाटे बाहेर टाकतात. अडचण आहे ती तळलेल्या पिठाची. त्याने पोट भरते, पोषण होत नाही. आयते मिळते म्हणून तो घेतो, उपाशी असतो म्हणून नव्हे. खाडीचा चिखल त्याच्यासाठी भरलेलेच कोठार आहे. पुडी न फोडताही लाँचमागचा त्याचा विहार मनसोक्त पाहता येतो.

होळीच्या सुमारास मात्र नीट न्याहाळावे. पांढऱ्या डोक्यांवर गडद टोपी चढू लागलेली असते. दूरच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवण्याचे हेच दिवस. मग एका सकाळी लाँचमागचे आकाश रिकामे दिसते.