दुसरी भाषा हवीच, पण पहिलीपासून का?

‘लिपी एकच, शब्दही निम्मे सारखे, मग पोरांना हिंदी शिकायला असं कितीसं अवघड जाणार?’ हे वाक्य गेल्या काही दिवसांत तुमच्याही कानांवर पडलं असेल. कदाचित तुम्ही स्वतःच म्हणाला असाल. तेव्हा मैत्रिणींनो, आज जरा मुलांच्या वहीतच डोकावू या.

मराठीच्या वहीत ‘पाणी’, हिंदीच्या वहीत ‘पानी’. मराठीत ‘शांती’ आणि ‘कवी’ यांची शेवटची वेलांटी दीर्घ, हिंदीत तीच ऱ्हस्व. ‘बाळ’मधला ळ हिंदीच्या मुळाक्षरांत शोधून सापडायचा नाही. पुस्तक आपल्याकडे ‘ते’, तिकडे ‘ती’. मराठीत शिक्षा म्हणजे छडी, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण! (दोन्हींत फार फरक नाही असं वाटण्याचे दिवस शाळेत येतात, ते सोडा.) दहा-अकरा वर्षांच्या मुलाला या गमती वाटतात. ते हसतं, लक्षात ठेवतं. पण ज्याला अजून आपल्याच भाषेतली वेलांटी कुठल्या बाजूला द्यायची हे पक्कं झालेलं नाही, त्या सहा वर्षांच्या जिवाने काय करायचं? लिपी सारखी असल्याने वाचायला सोपं जातं हे खरं. लिहिताना तोच सारखेपणा गोंधळात टाकतो.

हा वाद पेटला तो २०२५ साली. त्या वर्षी १६ एप्रिलला राज्य सरकारने आदेश काढला, की मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची. ओरड झाली, म्हणून १७ जूनला सुधारित आदेश आला. त्यात ‘सक्ती’ हा शब्द गेला आणि दुसरी भारतीय भाषा घेण्याची मोकळीक आली. पण एका इयत्तेतल्या निदान वीस मुलांनी ती मागायला हवी! आता खेड्यातल्या शाळेत अख्ख्या इयत्तेत वीस मुलं आणायची कुठून? शेवटी २९ जूनला दोन्ही आदेश मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

आदेश गेले, म्हणून प्रश्न गेला असं मात्र समजू नका. मुलांना आपल्या भाषेखेरीज दुसरी भाषा शिकण्याची सक्ती करावी का, हा मूळ प्रश्न उरतोच. माझं मत विचाराल तर, करावी. ‘ज्याला हवी त्याने शिकावी’ हे ऐकायला फार गोड लागतं. पण शाळेत जे ऐच्छिक असतं ते परवडणाऱ्या घरांतली मुलं शिकतात आणि बाकीची मागे राहतात. शिवाय मोकळीक दिली, की आपण आयाच काय करतो? गुण कशात जास्त मिळतील ते बघतो! संस्कृत, फ्रेंच, जर्मन यांच्यावरचं हे प्रेम किती घरांत भाषेचं असतं आणि किती घरांत टक्क्यांचं, ते आपलं आपल्याला ठाऊक आहे. महाराष्ट्रातच राहून, दहावी होऊन, दुकानावरची मराठी पाटी न वाचता येणारी मुलं आपण पाहिली आहेत. म्हणून तर २०२० साली सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा करावा लागला. शाळेने तो मोडला तर एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. शेजारच्या गुजराती किंवा तमिळ मुलाला मराठी आलीच पाहिजे, असं म्हणताना आपल्याला काही वावगं वाटत नाही ना? मग आपल्या मुलाने दुसऱ्याची भाषा शिकायलाही ना म्हणू नये.

पण किती आणि कधी? मराठी शाळेतल्या मुलाला दुसरी भाषा आधीच आहे, हे या वादात बऱ्याच जणी विसरतात. २००० सालापासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी आहे. आपल्यातल्या कित्येकींची ए बी सी डी पाचवीत सुरू झाली होती, आणि हिंदीही पाचवीतच. आता सहाव्या वर्षी मराठी, इंग्रजी आणि वर हिंदी म्हणजे तीन भाषा, दोन लिप्या, आणि अंकगणित आहेच.

हे झालं घरी मराठी बोलणाऱ्या मुलांचं. मेळघाटात घरी कोरकू बोलतात, गडचिरोलीत गोंडी. मराठीची बोली म्हणावी अशा या भाषा नव्हेत. त्यांची कुळंच निराळी, कोरकूचं मुंडा आणि गोंडीचं द्राविड. त्या मुलाला शाळेतली मराठी हीच दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. त्यावर हिंदी आली म्हणजे चौथी! आणि घरी गृहपाठ घ्यायला आई बसली, तर तिला यातली कुठली यावी? मंत्रालयातल्या फायलीत ही आई दिसत नाही. शहरात तरी वेगळं काय? सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली बाई मराठीचा धडा घेते, पाढे घेते, इंग्रजीशी अडखळते. विषय वाढला की शिकवणी लागते आणि ती फी महिन्याच्या किराण्यातून निघते.

‘लहान वयात भाषा पटकन येतात,’ असं यावर कुणीतरी म्हणेलच. येतात ना! पण कशा येतात ते पाहा. कॅनडात माँट्रियलजवळ सेंट लॅम्बर्ट नावाचं गाव आहे. तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी शाळेकडे हट्ट धरला, की आमच्या मुलांना फ्रेंच नीट शिकवा. १९६५ साली बालवाडीचा एक वर्ग सुरू झाला. मुलं फ्रेंच शिकली आणि त्यांचं इंग्रजीही बिघडलं नाही. पण तिथे दिवसभर शिकवणाऱ्या शिक्षिका फ्रेंचच बोलत, गाणी, खेळ, गणित सगळं त्याच भाषेत. आणि घरात, रस्त्यावर इंग्रजी भक्कम होती. आपल्याकडे काय? अर्ध्या-पाऊण तासाचा एक तास, पुढ्यात चाळीसेक मुलं, आणि ‘घाला रे घाटी’ म्हणत तीच बाई हिंदी शिकवणार, जिने सकाळी गणित शिकवलं. अशा तुटपुंज्या तासांत लहान वयाचा फायदा मिळत नाही. स्पेनमध्ये बार्सिलोनाला संशोधकांनी आठव्या आणि अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्या मुलांची तुलना केली. सारखेच तास शिकवून झाल्यावर अकराव्या वर्षी सुरू केलेली मुलं पुढे होती. ज्याला एका भाषेत वाचता येतं, लिहिता येतं, त्याचं दुसरीत निम्मं काम झालेलं असतं.

तेव्हा सक्ती असावी ती पाचवीपासून, आणि मुलांच्या आधी ती शाळेवर असावी: ती भाषा खरोखर येणारा शिक्षक आधी नेमा, मग पुस्तक हातात द्या. लहान वर्गांत दुसरी भाषा कानावर पडू दे की! गोष्टी, बडबडगीतं, खेळ चालतील. वही नको, शुद्धलेखन नको, गुण तर नकोतच. हिंदी बोलायची म्हणाल, तर ती दूरदर्शनने आणि भाजीवाल्या भैयाने मुलांना केव्हाच शिकवली आहे. शेजारी कानडी किंवा तेलुगू कुटुंब असेल, तर मुलांना त्यांच्याकडे खेळायला पाठवा. चार शब्द फुकट येतील.

आणि तुमच्या शाळेत नवी भाषा आलीच, तर पालकसभेत गप्प बसू नका. तीन गोष्टी विचारा. ती शिकवणार कोण, आणि त्यांचं त्या भाषेत शिक्षण किती? तिच्या तासासाठी वेळापत्रकातून कुठला तास काढला? चित्रकला आणि खेळ यांच्यावरच बहुधा संक्रांत येते, म्हणून हे मुद्दाम विचारा. आणि पहिली-दुसरीला तिची लेखी परीक्षा आहे का? तोंडी ‘बघू, करू’ असं उत्तर मिळालं तर लेखी मागा. एकटीला संकोच वाटत असेल, तर पालक-शिक्षक संघातल्या दोघींना बरोबर घेऊन जा.