सेवाभाराने थकलेल्या स्त्रिया आणि समुपदेशन : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी आत्महत्यांची चर्चा प्रामुख्याने कर्ज, कापूस व पाऊस यांभोवती फिरते. शेती सांभाळून आजारी, वृद्ध व मुलांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीचा मानसिक थकवा मात्र दुर्लक्षित राहतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरगुती कामांत सहभागी स्त्रिया त्यावर दररोज सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर पुरुष ९७ मिनिटे.

हा थकवा बहुधा अंगदुखी, निद्रानाश, अशक्तपणा अशा तक्रारींतून प्रकट होतो. परिणामी उपचार गोळ्यांपुरताच मर्यादित राहतो. समुपदेशनात तिचे ऐकून घेणे, दिनक्रमात तिच्यासाठी वेळ राखणे व अडचणींची टप्प्याटप्प्याने उकल करणे यांवर भर असतो. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमाद्वारे अशी सेवा गावपातळीवर पोहोचली, तेव्हा १८ महिन्यांत नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले.

राज्य शासनाने २०१५ मध्ये यवतमाळसह १४ जिल्ह्यांसाठी आखलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात घरोघरी विचारपूस करण्याचे काम आशा स्वयंसेविकेकडे आले. तथापि, आशा हीदेखील घरचा सेवाभार वाहणारी स्त्रीच होय. त्यामुळे तिलाही समुपदेशन मिळणे आणि घरातील कामाची वाटणी होणे, या दोहोंवाचून हा उपचार अपुराच ठरतो.