घाटघरच्या भिंती आणि उडालेल्या फाइली

जुन्नरहून आपटाळे, चावंड मागे टाकत पश्चिमेकडे गेलं की जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी घाटघर लागतं. (अकोले तालुक्यातलं, वीजप्रकल्पामुळे ठाऊक असलेलं घाटघर ते वेगळं.) गावाच्या पुढे थोड्याच अंतरावर पठार एकदम तुटतं आणि नाणेघाट कोकणात उतरू लागतो. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात महाराष्ट्रातला एक अतिप्राचीन दस्तऐवज आहे, आणि तो अर्धामुर्धा हरवलेला आहे. संगणकावर उडालेलं लिखाण परत कसं मिळतं आणि कधी मिळत नाही, हे समजून घ्यायला या लेण्याइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही.

लेण्याच्या डाव्या आणि उजव्या भिंतीवर दहा-दहा ओळींचा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. सातवाहन राणी नागनिकेचा हा लेख इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या किंवा पहिल्या शतकातला मानतात. अग्न्याधेय, राजसूय, अश्वमेध असे यज्ञ आणि त्यांत दिलेली दक्षिणा यांचा तो हिशेब आहे : १,७०० गाई, १० हत्ती, घोडे, वस्त्रं, एका ठिकाणी २४,४०० कार्षापण. दगड झिजला आहे, मधली अक्षरं गेली आहेत, काही ठिकाणी वाक्यं अर्ध्यातच थांबतात. मोठ्या लेखात राणीची ओळख होते ती मुख्यतः नात्यांतून. ती महारठीची कन्या आहे, वेदिसिरीची आई आहे.

तिचं नाव स्वच्छ वाचता येतं ते समोरच्या भिंतीवर. तिथे राजघराण्यातल्या आठ व्यक्तींच्या मूर्ती होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नाव कोरलेलं होतं. सिमुक सातवाहन, देवी नायनिका, राजा सिरी सातकणी, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. मूर्ती फुटून गेल्या, आता उरलेत ते पायांचे अवशेष. नावं मात्र राहिली. चौथ्या मूर्तीवरच्या ‘कुमार भाय…’ या नावाचा शेवट झिजला आहे आणि पाचव्या मूर्तीवर कोणाचं नाव होतं ते वाचता येत नाही.

म्हणजे बाजूच्या भिंतींवर मजकूर आहे आणि नाव धूसर आहे. समोरच्या भिंतीवर नावं आहेत आणि ज्यांची ती नावं, त्या मूर्ती गेल्या. पाचव्या जागी दोन्ही गेलं. डिस्कवरची फाइल हरवते ती नेमकी याच तीन प्रकारांनी.

डिस्कवर फाइलचं नाव एका ठिकाणी असतं आणि मजकूर दुसऱ्या ठिकाणी. नावांची एक यादी असते. कोणती फाइल डिस्कच्या कोणत्या भागात सुरू होते, केवढी आहे, शेवटची कधी बदलली, हे त्या यादीत नोंदलेलं असतं. आपण फाइल डिलीट करून रिसायकल बिनही रिकामा केला की बहुतेक वेळा मजकुराला हातच लागत नाही. फक्त यादीतल्या नोंदीवर ‘ही जागा मोकळी’ असा शेरा पडतो. पेनड्राइव्हमध्ये अजूनही वापरात असलेल्या फॅट या जुन्या पद्धतीत तर हा शेरा नावाच्या पहिल्या अक्षरावरच लिहिला जातो. त्यामुळे १९९१ साली आलेल्या डॉस ५ मधली अनडिलीट ही आज्ञा चालवली, की संगणक पहिलं अक्षर गाळून नाव दाखवायचा आणि ते अक्षर आपल्यालाच विचारायचा. बाकीची फाइल जागेवर असायची, फक्त नाव मुंडकं छाटल्यासारखं दिसायचं.

या एका गोष्टीतून उडालेल्या फाइलीबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा नियम निघतो. फाइल उडाली हे लक्षात येताच त्या डिस्कवर काहीही लिहायचं थांबवा. घाबरून आपण नेमकं उलट करतो. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर डाउनलोड करतो आणि त्याच डिस्कवर टाकतो. मोकळी ठरलेली जागा नव्या मजकुराला दिली जाते आणि ज्याला वाचवायचं त्याच्याच अंगावर ते सॉफ्टवेअर जाऊन बसतं. पेनड्राइव्हमधून फाइल गेली असेल तर तो काढून ठेवावा. संगणकाच्या मुख्य डिस्कवरून गेली असेल तर संगणक बंद करावा, ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि सापडलेलं तिसऱ्याच जागी उतरवून घ्यावं. आपल्या किल्ल्यांवर आणि लेण्यांत भिंतीवर स्वतःचं नाव खरडणारे लोक जे करतात, तेच आपण घाईघाईत आपल्या डिस्कचं करतो.

नावांची यादीच नष्ट झाली, कोणी डिस्कला फॉरमॅट मारला किंवा पेनड्राइव्ह करप्ट झाला, तरीही वाट पूर्ण बंद होत नाही. मग मजकुराच्या स्वरूपावरून शोध घ्यायचा. प्रत्येक प्रकारच्या फाइलीची सुरुवात ठरलेली असते. वर्डची डॉक्स फाइल ही मुळात झिप पद्धतीने बांधलेलं गाठोडं असते आणि तिची पहिली दोन अक्षरं रोमन लिपीतली ‘पी’ आणि ‘के’ असतात. १९८९ साली ही पद्धत काढणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं. पीडीएफची, फोटोची सुरुवात वेगळी. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच प्रोग्रामरने लिहिलेलं फोटोरेक हे फुकट मिळणारं साधन डिस्क पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत चाळतं आणि अशा खुणा दिसल्या की मजकूर उचलून बाहेर ठेवतं. मात्र नावं परत येत नाहीत. हजारो फाइली फक्त क्रमांकांनी समोर येतात आणि एकेक उघडून ओळखावी लागते. त्यातली कुठली कथा, कुठलं बिल, कुठला अर्ज, हे आतला मजकूर वाचूनच कळतं. नाणेघाटच्या अभ्यासकांनीही नात्यांचे धागे जुळवत राणी अशीच ओळखली.

नव्या संगणकांतल्या एसएसडीची गोष्ट निराळी आहे आणि ती अनेकांना ठाऊक नसते. पुढचं लिखाण वेगाने व्हावं म्हणून फाइल डिलीट होताच विंडोज त्या डिस्कला ट्रिम नावाची आज्ञा देतं. मग डिस्क स्वतःच ते कप्पे रिकामे करून ठेवते. त्यानंतर तिथे सहसा काहीच सापडत नाही. जुन्या फिरत्या डिस्कवर आठवड्यानंतरही जी आशा असायची, ती इथे काही क्षणांत संपू शकते. दुकानदार काहीही सांगो, एसएसडीवरून पुसलेल्या फाइलीसाठी मोठी रक्कम मोजण्याआधी हे लक्षात ठेवावं.

हे झालं सेव्ह केलेल्या फाइलीचं. सेव्हच न केलेल्या लिखाणाची अवस्था याहून नाजूक. घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणात पाऊस कसा कोसळतो आणि लाइट कशी जाते, हे तिथल्या लोकांना सांगायला नको. अर्ज टाइप होत असतो आणि पडदा काळा होतो. टाइप केलेलं तोवर रॅममध्ये असतं. रॅमचा प्रत्येक बिंदू म्हणजे विजेचा सूक्ष्म साठा, आणि तो सतत गळत असतो. म्हणून दर काही मिलिसेकंदांनी तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणं थांबतं आणि मजकूर विरतो. २००८ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की तो अगदी त्याच क्षणी विरत नाही. काही सेकंद, आणि चिप थंड केली तर काही मिनिटंही तो टिकतो. पण ते प्रयोगशाळेतलं काम. लाइट येईपर्यंत रॅममध्ये वाचण्याजोगं काही उरत नाही.

तरीही असं लिखाण परत मिळतं, कारण प्रोग्राम आपल्या नकळत प्रत करत असतो. वर्ड साधारणपणे दर दहा मिनिटांनी एक तात्पुरती प्रत बाजूला ठेवतं. लाइट गेल्यावर पुन्हा सुरू केलं की डाव्या हाताला ती स्वतः दाखवतं. दाखवली नाही, किंवा ‘सेव्ह करायचं का?’ या प्रश्नावर चुकून ‘नाही’ दाबलं गेलं, तर फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स या वाटेने जावं. कधीच सेव्ह न केलेल्या कागदांचे मसुदे तिथे असतात, पण साधारण चारच दिवस. म्हणून ‘रविवारी बघू’ म्हणू नये. लिब्रे ऑफिसमध्येही अशी सोय आहे. वर्डच्या पर्यायांत शिरून दहा मिनिटांची दोन मिनिटं करून ठेवणं हे माझ्या मते कुठल्याही रिकव्हरी सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगाचं. ज्यांनी दिवाळी अंकांची पानं पेजमेकरमध्ये लावली, त्यांना त्यातली एक खुबी आठवत असेल. पान बदललं की पेजमेकर गुपचूप छोटं सेव्ह करायचं, आणि शिफ्ट दाबून रिव्हर्ट केलं की तिथवर परत जाता यायचं. ऐन छपाईच्या तोंडावर याच सोयीने किती पानं वाचवली असतील!

यातलं काहीही जादूने परत येत नाही. परत येतं ते आधी झालेल्या प्रतीतून, किंवा अजून कोणी न पुसलेल्या खुणेतून. कागदाच्या जगातही असंच आहे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावरून ती वर चढली, माणसं दगावली आणि कितीतरी विभागांच्या फाइली राख झाल्या. त्या पुन्हा उभ्या करायच्या तर आधार कशाचा? ज्यांची पानं आधीच स्कॅन झाली होती, त्यांचा प्रश्न सोपा होता. बाकीच्यांसाठी खालच्या कार्यालयांकडे जावं लागलं. सरकारी पत्राच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी’ असं लिहून चार ठिकाणी प्रत जाते आणि आवक-जावक नोंदवहीत तिचा क्रमांक पडतो. आपण ज्याला कंटाळवाणी कारकुनी म्हणतो, तीच आगीनंतर कामी येते.

आता मराठीचं खास दुखणं. इंग्रजीत फाइल सापडली की प्रश्न सुटतो. आपल्याकडे १९९० च्या दशकातली फाइल शाबूत सापडते, उघडतेही, आणि पडद्यावर रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसते. त्या काळी आपण मराठी टाइप करत होतो खरं, पण श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण अशा फॉन्टमध्ये. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच होता. रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचं चित्र बसवलेलं असे, इतकंच. फॉन्ट गेला की चित्रं गेली. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, आणि एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही फरक. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच जागा मिळाली होती, भारतीय मानक ‘इस्की’ही त्याच वर्षी पक्कं झालं. पण छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत फॉन्टचंच राज्य पुढे बरीच वर्षं चाललं.

असा मजकूर युनिकोडमध्ये आणताना अक्षरामागे अक्षर ठेवून भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी येई आणि ‘क’ नंतर, कारण ती दिसते तशीच टाइप होई. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम, म्हणजे आधी ‘क’. ‘सूर्य’मधला रफार जुन्या फाइलीत ‘य’च्या नंतर बसलेला, युनिकोडमध्ये त्याच्या आधी. जोडाक्षरांचे अर्धे तुकडे, काना जोडून पूर्ण होणारी अक्षरं, हे सगळं परिवर्तकाला ओळखून हलवावं लागतं. जिथे चुकतं तिथे वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. म्हणून परिवर्तनानंतर प्रुफं वाचायलाच हवीत. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. मात्र फॉन्टचं नाव ठाऊक असेल तर ते होतं. नाव ठाऊक नसेल तर प्रत्येक चिन्ह कुठल्या अक्षराचं ते शोधत बसावं लागतं.

तेही अशक्य नाही, आणि इथे पुन्हा घाटघरला जायला हवं. कर्नल विल्यम साइक्स १८२८ साली नाणेघाटात आला, तेव्हा त्या भिंतीवरचं एक अक्षरही जगात कोणाला वाचता येत नव्हतं. तरी त्याने ते उतरवून घेतलं आणि रॉयल एशियाटिक सोसायटीकडे सोपवलं. ब्राह्मी उलगडली ती नंतर, १८३७ च्या सुमारास, जेम्स प्रिन्सेपने. पुढे जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या लेखातल्या अंकांचा माग काढला. तिथे शून्य नाही, स्थानमूल्य नाही. सतराशे लिहायचे तर हजाराचं चिन्ह आणि त्यापुढे सातशेचं. १८७० च्या दशकात त्यांनी ती मांडणी प्रसिद्ध केली, १८८३ साली ब्यूलरने लेखाचं वाचन छापलं, आणि पुढे वा. वि. मिराशींपर्यंत अभ्यासक त्यात भर घालत आले. न वाचता येणारी गोष्टही जपून ठेवली म्हणून पुढच्यांना वाचता आली. पाचव्या मूर्तीचं नाव शाबूत असताना मात्र कोणी उतरवून घेतलं नाही, त्यामुळे ते आज कुठल्याही उपायाने परत येत नाही.

मराठीतली किती नियतकालिकं, ग्रामगीतं, बोलींचे कोश, गावांचे इतिहास, जिल्ह्याच्या ठिकाणी निघालेले दिवाळी अंक या न उघडणाऱ्या फाइलींत पडून आहेत, याचा अंदाजच करता येणार नाही. छापलेली प्रत वाळवीने खाल्ली असेल, तर ती फाइल हीच एकमेव प्रत. फ्लॉपी आणि सीडी वर्षानुवर्षं टिकणाऱ्या वस्तू नव्हेत. चुंबकीय थर उतरतो, सीडीला बुरशी येते, आणि ती वाचणारं यंत्र दुकानातून नाहीसं होतं.

तेव्हा वाचकहो, यंदा दिवाळीची झाडलोट करताना वडिलांच्या कपाटात, बंद पडलेल्या प्रेसमध्ये, संस्थेच्या माळ्यावर जुनी फ्लॉपी, सीडी किंवा हार्डडिस्क सापडली, तर ‘उघडत नाही’ म्हणून भंगारात देऊ नका. तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं दुसऱ्या दोन जागी उतरवून घ्या. कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये आणि कुठल्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं, ते त्या काळच्या ऑपरेटरला विचारा आणि पाकिटावर लिहा. ते सांगणारी माणसं अजून आपल्यात आहेत, त्यांना याच वर्षी विचारा.