वर्दीतला मार्गदर्शक

शाळा सुटलेली, घरात लक्ष द्यायला कुणी नाही आणि नाक्यावरची टोळी मात्र आपुलकीने हाक मारते. मुलं गुन्ह्याकडे वळतात ती बहुधा अशा पोकळीतून. ती पोकळी विश्वासू मोठ्या माणसाने भरावी, हा पोलीस-समाज मार्गदर्शन उपक्रमांचा गाभा आहे.

आपल्या देशातला ठळक प्रयोग केरळचा. तिथे २०१० मध्ये ‘स्टुडंट पोलीस कॅडेट’ योजना सुरू झाली. आठवी-नववीच्या मुलामुलींना दोन वर्षं कवायत, कायद्याची ओळख, व्यसनविरोधी जागृती, समाजसेवा यांचं शिक्षण मिळतं. शाळेतले शिक्षक आणि स्थानिक पोलीस ते मिळून देतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ही योजना देशपातळीवर नेली. शाळा सोडलेल्या किंवा दहावीत नापास झालेल्यांसाठी केरळ पोलिसांचा ‘होप’ हा वेगळा उपक्रम आहे.

कायद्याचाही आधार आहे. बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. जिल्ह्याच्या विशेष बाल पोलीस पथकात दोन समाजसेवक असावे लागतात. त्यांतली एक स्त्री. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही.

तरीही सावध राहायला हवं. मार्गदर्शनाच्या नावाखाली पाळत सुरू झाली किंवा मुलावर ‘गुन्हेगार’ असा शिक्का बसला, तर विश्वास तुटतो. अधिकाऱ्याची बदली झाली तरी नातं टिकावं, म्हणून शिक्षक, पालक आणि वस्तीतले कार्यकर्ते सुरुवातीपासून सोबत हवेत.