व्हिल्हेल्म वुंट आणि वाक्याचा प्रश्न

व्हिल्हेल्म वुंट यांचे नाव मानसशास्त्राच्या इतिहासात बहुधा एकाच घटनेशी जोडले जाते. १८७९ साली लाइपझिग विद्यापीठात त्यांनी प्रायोगिक मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. ही गोष्ट महत्त्वाची आहेच. परंतु तेवढ्यावरच थांबल्यास त्यांच्या लेखनाचा फार मोठा भाग दृष्टीआड राहतो. भाषेच्या अभ्यासकाला तर तोच भाग अधिक मोलाचा आहे.

वुंट यांचा जन्म १६ ऑगस्ट १८३२ रोजी मानहाइमजवळच्या नेकाराउ या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. हायडेलबर्ग येथे वैद्यकाची पदवी मिळविल्यानंतर त्यांनी काही वर्षे हेल्महोल्ट्झ यांचे साहाय्यक म्हणून काम केले. १८७३-७४ मध्ये शारीर मानसशास्त्रावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला आणि १८७५ मध्ये ते लाइपझिग येथे प्राध्यापक झाले. संवेदना आणि प्रतिक्रियाकाल यांचे मापन प्रयोगाने होऊ शकते; भाषा, पुराणकथा व रूढी या मात्र समाजाच्या निर्मिती असल्याने त्यांचा उलगडा प्रयोगशाळेत होणार नाही, असे त्यांचे मत होते. या मतातूनच १९०० ते १९२० या काळात 'लोकमानसशास्त्र' या ग्रंथाचे दहा खंड सिद्ध झाले. त्याचा आरंभ भाषाविषयक विवेचनाने होतो. शेवटचा खंड ज्या वर्षी निघाला त्याच वर्षी, ३१ ऑगस्ट १९२० रोजी, वुंट यांचे निधन झाले.

त्या विवेचनातील कळीचा प्रश्न वाक्याचा आहे. हेर्मान पाउल यांच्या मते बोलणाऱ्याच्या मनात अनेक कल्पनांची जुळणी होते आणि वाक्य हे त्या जुळणीचे चिन्ह असते. वुंट यांनी हा क्रम उलटा केला. मनात प्रथम एक समग्र कल्पना उभी राहते. अवधान तिचे उद्देश्य-विधेयादी घटकांत विभाजन करते, आणि मग शब्द एकामागून एक उच्चारले जातात.

मराठीतील एका साध्या उदाहरणाने हा मुद्दा स्पष्ट होईल. 'मुलगा पत्र लिहितो' आणि 'मुलाने पत्र लिहिले' या वाक्यांत पहिल्याच शब्दाचे रूप भिन्न आहे. पण त्या भिन्नतेचे कारण शेवटी येणाऱ्या क्रियापदाच्या काळात आहे. 'ने' हा प्रत्यय उच्चारताना क्रियापद अद्याप मुखातून निघालेले नसते, तरी मनात ते कोणत्या ना कोणत्या रूपात उपस्थित असलेच पाहिजे. शब्द केवळ ओळीने जोडले जात असते, तर हे संभवले नसते. अर्थात, बोलणारा पुष्कळदा वाक्य मध्येच मोडतो आणि निराळ्या वळणाने पुरे करतो. तेव्हा ती समग्र कल्पना आरंभीच सर्व तपशिलांसह सिद्ध असते, असे मात्र म्हणता येणार नाही.

लेनर्ड ब्लूमफील्ड यांचा १९१४ चा ग्रंथ वुंट यांच्या मानसशास्त्रावर आधारलेला होता. १९३३ च्या ग्रंथात त्यांनी तो आधार सोडला. त्यानंतर हा प्रश्न बराच काळ मागे पडला. मनोभाषाविज्ञानाचा उदय झाल्यावर आर्थर ब्लूमेंथाल यांनी १९७० मध्ये वुंट यांच्या भाषाविचाराकडे पुन्हा लक्ष वेधले. वाक्य बोलण्यापूर्वी त्याचा किती भाग मनात सिद्ध असतो, हा आजच्या संशोधनाचाही विषय आहे. प्रयोगशाळेच्या संस्थापकाने प्रयोगशाळेबाहेर ठेवलेला हा प्रश्न आज प्रयोगशाळेतच तपासला जात आहे.