जोडनावेंतून मांडव्यास

वडाळ्यास राहणाऱ्या माणसाला समुद्र हाकेच्या अंतरावर आहे असें सांगितलें, तर तें त्यास एकाएकीं पटत नाहीं. त्याचा वडाळा म्हणजे विठोबाचें देऊळ, हार्बर मार्गाचें स्टेशन, जवळचीं पांच उद्यानें आणि वडाच्या झाडांची केवळ नांवापुरती उरलेली आठवण. रुळांच्या पूर्वेस मिठागरें, तेलाच्या टाक्या व बंदराच्या मालकीच्या जागा पसरल्या असून त्यांच्या पलीकडे शिवडीचा चिखल आहे. हिवाळ्यांत त्या चिखलांत रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात, तेव्हां कोठें आम्हां वडाळकरांस आठवतें कीं आपल्या परसदारीं खाडी आहे! एरवीं समुद्र पाहावयाचा तर आम्ही त्याच्याकडे पाठ करून पश्चिमेस दादरच्या चौपाटीवर जातों.

गेल्या हिवाळ्यांत आमच्या घरांत समुद्राचा विषय निघाला तो निराळ्याच निमित्तानें. आमचा पुतण्या व त्याची पत्नी ग्रीस देशाचा प्रवास करून परतलीं होतीं. सँटोरिनी बेटाच्या उभ्या कड्यांखालून कॅटामरान नांवाच्या नौकेंतून त्यांनीं एक सबंध दिवस काढला. नौका एखाद्या शांत कोनाड्यांत थांबावी, उतारूंनीं निळ्या पाण्यांत उड्या घ्याव्या, ज्वालामुखीच्या बेटापाशीं ऊन झऱ्यांचें पाणी समुद्रांत मिसळतें तेथें डुंबावें, वर येऊन जेवावें आणि सूर्यास्तास परतावें, असा तो कार्यक्रम. छायाचित्रें हातोहात फिरलीं. आमच्या आत्याबाई (वय ७८) चष्मा पुसून तीं पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “सुरेख आहे हो! पण आपल्याकडे काय समुद्र नाहीं? आणि असला, तर या घरांत पोहतां कितीजणांस येतें?”

मोजदाद झाली. लहानथोर अकरा माणसांत दोघांस पोहतां येत होतें: पुतण्यास, आणि खुद्द आत्याबाईंस. तिसरी आमची तेरा वर्षांची नात. तिनें दादरच्या महात्मा गांधी स्मारक जलतरण तलावावर कांहीं महिने शिक्षण घेतलें होतें. परंतु आठवीच्या शिकवण्यांची वेळ आड आली, आणि तें बंद करावें असा निर्णय आम्हींच दिला होता. त्या दिवशीं तिनें आमच्याकडे पाहिलें नाहीं, एवढें आम्हांस स्पष्ट आठवतें.

आमच्यासारख्या घरांचें समुद्राशीं वांकडें जुनेंच आहे. बौधायन धर्मसूत्रांत समुद्रप्रवासाची गणना पातकांत केली आहे, आणि पुढें कलिवर्ज्यांच्या यादींतही द्विजांची समुद्रयात्रा आली. त्यावरून गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत किती प्रायश्चित्तें व किती वादंग झाले, हें जुन्या मासिकांच्या वाचकांस सांगावयास नको. निषेध कधींच गेला. भीति मात्र राहिली, आणि ती आतां अभ्यासाचें, सर्दीचें, पाणी घाण असल्याचें अशीं निरनिराळीं नांवें घेऊन घरांत वावरते.

मांडव्यास जाण्याचें ठरलें. गेट-वेपासून मांडव्यापर्यंत जोडनावा चालतात, आणि त्यांनाही कॅटामरानच म्हणतात. हा शब्द कानाला कितीही पाश्चात्त्य वाटला तरी मूळचा तामिळ आहे. ‘कट्टु’ म्हणजे बांधणें आणि ‘मरम्’ म्हणजे लांकूड. कोरोमांडल किनाऱ्यावरील कोळी ओंडके दोरांनीं एकत्र बांधून त्यांवर बसून मासेमारी करीत. विल्यम डँपियर या इंग्रज दर्यावर्द्याच्या १६९७ सालच्या प्रवासवर्णनांत हा शब्द आला आहे. पुढें यूरोपीयांनीं पॅसिफिक बेटांवरील दोन होड्या जोडून केलेल्या नावांसही हेंच नांव दिलें, आणि अर्थ पालटला. १८७६ सालीं अमेरिकेंत नॅथॅनेल हेरेशॉफ यानें ‘अमॅरिलिस’ नांवाची शिडाची जोडनाव बांधली. न्यूयॉर्कच्या शर्यतींत तिनें इतर नौकांस इतकें मागें टाकलें कीं पुढें तिच्या जातीलाच शर्यतींतून वगळण्यांत आलें. हरलेल्यांचा न्याय सर्वत्र सारखाच!

एका तळाची शिडाची नौका लाटेवर कलते आणि तळाशीं असलेल्या वजनाच्या बळावर पुन्हा सावरते. जोडनाव आपल्या रुंदीवर उभी असते. पाय फांकून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी. ती कलते कमी, तिला पाणीही कमी खोल लागतें, आणि दोन्ही तळ अरुंद असल्यानें पाणी कापीत जाण्यास जोर थोडा पुरतो. परंतु शिडाची जोडनाव एकदां पालथी झाली कीं आपण होऊन सुलटी होत नाहीं. आमच्या मांडव्याच्या नावेस अर्थात् शीड नव्हतें. ती इंजिनावर चालते. शिडें पाहावयास मिळालीं तीं बंदरांत हौसेनें फिरणाऱ्या छोट्या नौकांचीं.

दिवस मात्र आत्याबाईंनीं निवडला, आणि तो पंचांग पाहून. यांत मुहूर्ताचा संबंध नव्हता. कोंकणांत भरतीचा हिशेब तिथीवरून करितात: तिथीचा आंकडा तिनानें गुणावा व चारानें भागावा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारणपणें निघते. अष्टमीस सहा वाजतां, एकादशीस सव्वाआठ, पौर्णिमेस सव्वाअकरा. माघ शुद्ध तृतीयेस सव्वादोन आले. “पाणी चढत असतांना उतरावें, उतरूं लागलें कीं आपण बाहेर यावें. ओहोटी माणसाला आंत ओढते,” हा त्यांचा नियम. दुसऱ्या दिवशीं गणेशजयंती असल्यानें घरांतील स्त्रियांनीं जरा कुरकुर केली, परंतु भरतीपुढें कोणाचें चाललें नाहीं.

पहाटे दशम्या, तिळाची चटणी, कोकमाचें सरबत आणि मळमळीवर आल्याचे तुकडे असा शिधा बांधून आम्ही निघालों. (नावेंत शक्य तों मध्यभागीं व खालच्या मजल्यावर बसावें, दृष्टि क्षितिजावर ठेवावी आणि रिकाम्या पोटीं जाऊं नये, एवढें पाळलें तर आल्याची गरज बहुधा पडत नाहीं.) गेट-वेच्या पायऱ्यांवर प्रत्येकास नारिंगी जाकीट देण्यांत आलें. १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीस निघालेली ‘नीलकमल’ ही उतारूंची बोट नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून बुडाली. तींत शंभराहून अधिक माणसें होतीं, आणि त्यांतील कित्येक दगावलीं. तेव्हांपासून हीं जाकिटें सक्तीचीं झालीं आहेत. आमच्या सूनबाई प्रत्येक मुलाच्या जाकिटाचे बंद दोनदां ओढून पाहत होत्या. त्यांना हंसण्याचें धैर्य कोणासही झालें नाहीं.

नाव सुटली आणि मागें कुरव पक्ष्यांचा थवा लागला. हे पाहुणे हिवाळ्यापुरतेच येतात. त्यांतील तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडील उंच सरोवरांवर घरटीं करितात. इतका प्रवास करून आलेल्या जीवांस लोक गांठ्या व तळलेल्या चकत्या चारतात, हें आम्हांस बरें वाटलें नाहीं. कुलाब्याच्या टोकाचा प्रांग दीपस्तंभ उजवीकडे राहिला. दक्षिणेस धुक्यांतून खांदेरी-उंदेरीच्या आकृति उमटूं लागल्या. खांदेरीवर १६७९ सालीं शिवछत्रपतींनीं तटबंदी सुरू केली, तेव्हां मुंबईच्या इंग्रजांनीं आरमार धाडून ती थांबविण्याचा प्रयत्न केला, आणि त्यांस तें साधलें नाहीं. ज्या घरांत समुद्र अपवित्र मानीत होते, त्याच मुलखांत आरमार उभें राहिलें. हा विरोध आम्हांस त्या पाण्यावरच प्रथम जाणवला.

तासाभरानें मांडवें आलें. तेथून अलिबागच्या बसनें चोंढीस उतरून रिक्षानें किहीम गांठलें. हें तेंच किहीम, जेथें १९३० सालीं सलीम अली यांनीं सुगरण पक्ष्याच्या संसाराचें निरीक्षण केलें. सुरूच्या झाडांखालीं चटया पसरल्या, आणि पाणी चढूं लागलेलें पाहून मंडळी किनाऱ्याकडे निघाली.

पुतण्याच्या पत्नीचा पहिला उद्गार असा: “काकाजी, हें पाणी तिकडच्यासारखें कां नाहीं?” प्रश्न वाजवी होता, आणि उत्तर केवळ आपल्या अस्वच्छतेंत शोधणें अन्यायाचें होईल. भूमध्य समुद्रास बाहेरच्या महासागराशीं जोडणारें तोंड जिब्राल्टरपाशीं अवघें चौदा किलोमीटर रुंद आहे. त्यामुळें तेथें भरती-ओहोटी बहुतेक ठिकाणीं वीतभर-हातभर. मुंबईंत उधाणाच्या दिवशीं पाणी पांच मीटरांच्या आसपास चढतें-उतरतें. तो प्रचंड लोंढा दिवसांतून दोनदां ठाणें, पनवेल, धरमतर इत्यादि खाड्यांचा गाळ ढवळीत असतो. शिवाय भूमध्याच्या पाण्यांत पोषक क्षार थोडे, म्हणून सूक्ष्म वनस्पतीही थोड्या. पाणी निळें व निर्मळ दिसतें तें एका अर्थीं तें उपाशी असल्यामुळें. आपलें गढूळ पाणी मासळीला पोसतें. भूमध्याचें पाणी अधिक खारें असल्यानें तेथें अंग किंचित् अधिक तरंगतें, हेंही खरें. त्याच जिब्राल्टरची सामुद्रधुनी पुण्याचे रोहन मोरे पोहून गेले आहेत. जगांतील सात अवघड सामुद्रधुन्या पोहण्याचा संकल्प त्यांनीं फेब्रुवारी २०१८ मध्यें न्यूझीलंडच्या कुक सामुद्रधुनींत पुरा केला, आणि असें करणारे ते पहिले आशियाई ठरले. धरमतर ते गेट-वे हें सुमारें ३६ किलोमीटरांचें अंतर तर आपल्याकडील मुलेंमुलीही पोहतात, आणि तें याच गढूळ पाण्यांतून!

आत्याबाईंनीं जुनें नऊवारी लुगडें घट्ट कासोटा घालून नेसलें होतें. त्या कमरेइतक्या पाण्यांत गेल्या, क्षणभर उभ्या राहिल्या, आणि मागें रेलून उताण्या झाल्या. पाण्यानें त्यांस अलगद उचललें. पांढरें डोकें, मिटलेले डोळे, हात पसरलेले. राजापूर तालुक्यांतील आमच्या मूळ गांवच्या विहिरींत, पाठीस पांगाऱ्याच्या हलक्या लांकडाचा बिंडा बांधून, त्या वयाच्या सातव्या वर्षीं पोहावयास शिकल्या होत्या. मुंबईस आल्यावर चाळीस वर्षें त्यांनीं बादलीखेरीज पाणी पाहिलें नव्हतें. किनाऱ्यावर सर्व मंडळी श्वास रोधून पाहत राहिली.

त्या दृश्यानें आम्हांस नसता हुरूप आला. जाकीट अंगावर नव्हतें, तें नावेंतच परत केलें होतें. आम्ही छातीइतक्या पाण्यांत शिरलों, आणखी दोन पावलें टाकलीं, तोंच पाय वाळूच्या एका खळग्यांत गेला. तळ लागेना. लाट तोंडावर आली, नाकांत पाणी शिरलें, आणि जें कधींही करूं नये तेंच आम्हीं केलें. हात वर करून झाडूं लागलों. हें सारें किती वेळ चाललें, सांगतां येत नाहीं. जवळून एक बारीक पण करडा आवाज आला, “आजोबा, हात खालीं घ्या! डोकें मागें टाका! उताणे व्हा!” नात होती. तिनें आम्हांस मिठी मारली नाहीं. मागून येऊन हनुवटीखालीं तळहात धरला व दुसऱ्या हातानें काठाकडे ओढूं लागली. पुतण्या पोहोंचेपर्यंत आमचे पाय वाळूला टेकले होते. तलावावर पहिल्या महिन्यांत तरंगणें आणि शेवटच्या आठवड्यांत बुडणाऱ्यास धरणें शिकविलें होतें, असें तिनें मागाहून सांगितलें. पुढचे धडे बंद पडले होते, हें तिनें सांगितलें नाहीं.

आत्याबाई बाहेर येऊन केस पिळीत म्हणाल्या, “पाण्याशीं भांडूं नये रे. त्याला तुला बुडवायचें नसतें; तूंच त्याला भाग पाडतोस.” पुढें जेवणें झालीं. दशम्या कोणीं किती खाल्ल्या, हें आम्हांस आठवत नाहीं.

परतीस आम्ही मोटारींसह उतारू नेणारी मोठी नौका धरली. ती २०२० पासून मांडवें ते भाऊचा धक्का अशी चालते. गंमत अशी कीं ती बांधली गेली ग्रीस देशांत. पुतण्यानें तें सांगतांच दोघें नवराबायको तिच्या कठड्यावरून ओळखीच्या माणसासारखा हात फिरवूं लागलीं. सूर्य मावळतीस आला होता. आत्याबाई मात्र दुसरीकडे, रेवसच्या दिशेस पाहत होत्या. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं याच भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेंत काशाच्या खडकापाशीं वादळांत उलटली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. वांचलीं त्यांत कांहीं पोहणारीं होतीं, आणि कांहींस मुंबईकडे मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांनीं आपल्या होड्यांत ओढून घेतलें. आत्याबाईंचा जन्म त्याच वर्षींचा. त्यांच्या वडिलांनीं, म्हणजे आमच्या आजोबांनीं, त्या बातमीनंतर ठरविलें होतें कीं घरांतील प्रत्येक मूल, मुलगी असली तरी, विहिरींत उतरलेंच पाहिजे. पुढें कुटुंब मुंबईस आलें, विहीर गांवीं राहिली, आणि आजोबांचा नियमही तिच्याबरोबर तेथेंच राहिला.

डॉकयार्ड रोडला गाडी पकडून आम्ही आठाच्या सुमारास वडाळ्यास पोहोंचलों. शिवडी मागें पडतांना काळोखांत अटल सेतूच्या दिव्यांची ओळ दिसत होती. नात झोंपली होती; तिच्या केसांना अजून मिठाचा वास येत होता.

शिकवणीची वेळ आतां पालटून घेतली आहे. तलावाचे अर्ज भरले ते एक नसून चार: नातीचा, सूनबाईंचा, धाकट्या नातवाचा आणि आमचा. अर्जासोबत वैद्याचा दाखला लागतो. आमच्या डॉक्टरांनीं छाती तपासून विचारलें, “एकसष्टाव्या वर्षीं हें काय आठवलें?” आम्हीं किहीमची हकीकत सांगितली. त्यांनीं सही केली, शिक्का मारला, आणि क्षणभरानें, आपल्या मुलालाही तेथें घालावयाचें झाल्यास अर्ज कोठें मिळतो, असें विचारलें.