कोंबडी आजारी पडली की आधी सुरी नको

रत्नागिरीत पावसाने जोर धरला की राजिवडा असो, कर्ला असो की मिरकरवाडा, एक दृश्य ठरलेलेच. अंगणातली एखादी कोंबडी पिसे फुगवून कोपऱ्यात उभी राहते, दाणा टिपत नाही. लगेच घरातले कुणीतरी म्हणते, "मरून हराम व्हायच्या आत जबह करून टाका." आम्हीही वर्षानुवर्षे हेच करत आलो. मेलेले जनावर मुरदार, हे खरेच. पण रोगाने पडलेली कोंबडी घाईने कापली म्हणून तिचे मांस निरोगी होत नाही. उलट कापताना, पिसे काढताना रोग आपल्या हाताला आणि बाकीच्या कोंबड्यांना लागू शकतो. पाय मोडलेली कोंबडी वेगळी, रोगी कोंबडी वेगळी.

पहिले काम : वेगळी ठेवा

तिला लगेच डालग्यात किंवा खोक्यात घालून पडवीत, वारा-पागोळीपासून दूर ठेवा. खाली कोरडा भुसा किंवा जुना कपडा घाला आणि रोज बदला. तिचे भांडे वेगळे. आधी चांगल्या कोंबड्यांचे करा, मग हिचे, आणि हात साबणाने धुवा.

ऊब, पाणी, मग दाणा

कोंबडीचे अंग मुळात ४१ ते ४२ अंशांचे, म्हणून हाताला गरम लागले की लगेच ताप समजू नका. भिजलेली असेल तर पुसून कोरडी करा. डालग्याच्या एकाच बाजूला बल्ब लावा, म्हणजे उकडले तर तिला दुसरीकडे सरकता येईल.

पाणी घशात ओतू नका. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असते, पाणी आत गेले तर ती गुदमरते. चोचीच्या कडेला थेंब थेंब लावा, ती स्वतः गिळेल. पाणी प्यायला लागली की मऊ भात, उकडलेल्या अंड्याचा बलक थोडा थोडा द्या.

सकाळी काही खायला देण्याआधी गळ्याखालची पिशवी चाचपा. ती रिकामी हवी. दगडासारखी घट्ट किंवा आंबूस वासाची लागली तर दाणा थांबवून डॉक्टरांना दाखवा. आपल्या घरातल्या उरलेल्या गोळ्या कुटून देऊ नका. डॉक्टरांनी औषध दिले तर तिची अंडी आणि मांस किती दिवस खायचे नाही, तेही विचारून घ्या.

कधी थांबायचे नाही

हिरवट हगवण, धाप, वाकडी झालेली मान ही मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लक्षणे. त्यावर औषध नाही, फक्त लस आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचे थेंब देतात, पुढे सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बीचे इंजेक्शन. एका बाटलीत पुष्कळ कोंबड्यांची लस असते आणि उघडल्यावर ती लगेच वापरावी लागते. म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून आणली तर सगळ्यांचे भागते. पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसले तर ती रक्ती हगवण असू शकते. तिच्यावर औषध आहे, पण वेळेत द्यायला हवे.

एकाच वेळी अनेक कोंबड्या पटापट मेल्या, तुरे निळे-काळे पडले, तर हात लावू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू आला होता, आणि जानेवारी २०२१ मध्ये आपल्या दापोलीतल्या मेलेल्या कावळ्यांतही तो सापडला. एखाददुसरी कोंबडी मेली तर तिला पऱ्यात किंवा खाडीत फेकू नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

मांजरीला उपाशी कोंडणाऱ्या बाईचा किस्सा आपण मुलांना सांगतो. मग डालग्यातल्या कोंबडीला पाणी पाजायचे कामही त्यांनाच द्या, हात मात्र धुवायला लावा. सगळ्याच कोंबड्या वाचतील असे नाही. पण अंड्यांवर चार पैसे जोडणाऱ्या घरात एक कोंबडी वाचली तरी ती मोठी गोष्ट आहे.